बंबवाल्यांच्या आधी कोण येऊन गेलं?

रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ ही कादंबरी वाचलेल्या कुणालाही तिचा विषय विचारा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं : सरकार पुस्तकं जाळतं आणि एक जण त्याविरुद्ध उठतो. उत्तर खोटं नाही, पण त्यात कादंबरीचा गाभाच निसटतो. परीक्षेपुरतं वाचणाऱ्यांचं सोडा. पण ज्यांना ही कादंबरी मनापासून अभ्यासायची आहे, त्यांनी एक प्रश्न हाताशी ठेवावा. पुस्तकं जाळणारे बंबवाले दारात आले, त्याच्या आधी तिथे कोण कोण येऊन गेलं होतं?

आधी कथानक थोडक्यात. कादंबरी १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली अमेरिका भविष्यातली आहे. घरांना आता आग लागत नाही, म्हणून अग्निशमन दलाकडे उलटं काम आलंय : ज्या घरात पुस्तकं सापडतील ते घर पेटवायचं. गाय माँटॅग हा असाच एक बंबवाला. त्याची बायको मिल्ड्रेड भिंतीएवढ्या पडद्यांसमोर दिवस काढते आणि रात्री कानात इवलासा रेडिओ घालून झोपते. शेजारची क्लॅरिस नावाची मुलगी त्याला सहज विचारते, तू सुखी आहेस का? पुढे एका छाप्यात एक म्हातारी बाई पुस्तकं सोडून बाहेर यायला नकार देते आणि पुस्तकांसह स्वतःला पेटवून घेते. माँटॅग हादरतो, आजारपणाचं निमित्त करून घरी बसतो. त्याच्याकडे तेव्हा उशाखाली लपवलेलं एक पुस्तक असतं.

इथे त्याचा वरिष्ठ, कॅप्टन बीटी, त्याला भेटायला येतो आणि बंबवाल्यांचा इतिहास सांगतो. हे प्रकरण दोनदा वाचावं, शक्य तर मोठ्यानं. बीटी सांगतो की सुरुवातीला वरून कुठलाच हुकूम आला नव्हता. आधी पुस्तकं आटोपशीर झाली, मग त्यांचे सारांश निघाले, मग सारांशाचेही सारांश. या गटाला हे खटकलं, त्या गटाला ते खटकलं, म्हणून प्रकाशकांनी टोचणारं सगळं काढून टाकलं. बेचव झालेली पुस्तकं लोकांनी आपणहून बाजूला ठेवली. बंबवाले आले ते यानंतर, उरल्यासुरल्याची विल्हेवाट लावायला. बीटी स्वतः भरपूर वाचलेला आहे, हे विसरू नये. पुस्तकांतलीच वाक्यं फेकून तो पुस्तकांचा पाडाव करतो. लेखकानं खलनायकाच्या तोंडी इतकं खरं बोलणं घातलंय, ही या कादंबरीतली सर्वांत धाडसाची गोष्ट आहे असं मला वाटतं.

ब्रॅडबरी कॉलेजात गेला नव्हता. त्याचं शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयांत झालं. ही कादंबरीही त्यानं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या तळघरात लिहिली. तिथे अर्ध्या तासाला दहा सेंट टाकले की टंकलेखन यंत्र चालू व्हायचं. पहिल्या खर्ड्याला नऊ डॉलर ऐंशी सेंट लागले. बर्लिनमध्ये १० मे १९३३ ला विद्यार्थ्यांनी केलेली पुस्तकांची होळी आणि नंतर अमेरिकेतच सुरू झालेली संशयितांची चौकशीसत्रं, दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर होती. शीर्षकातला आकडा म्हणजे कागद पेट घेतो ते तापमान, आपल्या मोजणीत सुमारे २३३ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात ते कागदाच्या जातीनुसार बदलतं, पण शीर्षक म्हणून आकडा चपखल बसला.

बीटीनं सांगितलेला क्रम कल्पित वाटत असेल, तर याच कादंबरीचं पुढे काय झालं ते पाहा. १९६७ मध्ये तिच्याच प्रकाशकानं शाळांसाठी एक वेगळी आवृत्ती काढली. तिच्यात सुमारे ७५ जागी मजकूर बदलला होता. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला, एका प्रसंगातला दारुडा आजारी माणूस झाला. लेखकाला कुणी कळवलं नाही. काही वर्षं ही आवृत्ती मूळ आवृत्तीच्या बरोबरीनं विकली जात होती; १९७३ नंतर तर बाजारात हीच उरली. १९७९ मध्ये विद्यार्थ्यांनी लेखकाला पत्रं लिहिली तेव्हा कुठे त्याला पत्ता लागला आणि १९८० मध्ये मूळ मजकूर परत आला. पुस्तकांच्या छाटणीवरचं पुस्तक सहा वर्षं फक्त छाटलेल्या रूपात विकलं जात होतं, आणि त्यासाठी कुठल्याही सरकारनं बोटसुद्धा उचललं नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्याशी नातं असलेली इतकी माणसं पुस्तकबंदीच्या इतिहासात सापडतात, की ही कादंबरी शिकवायला याहून चांगली जागा शोधावी लागेल.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. इंग्रजी शिकायला ते रत्नागिरीच्या शाळेत आले. त्यांच्या नावानं १९१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था हस्तलिखितांसाठी जगभर ओळखली जाते. तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोनं २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ ला जमाव चालून गेला. कपाटं पाडली, पुस्तकं आणि पोथ्या फाडल्या, फेकल्या. निमित्त होतं जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक. त्याच्या ऋणनिर्देशात संस्थेतल्या अभ्यासकांचे आभार होते, एवढाच संस्थेचा संबंध.

या घटनेच्या तारखा ओळीनं मांडून पाहाव्यात. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकानं पुस्तक भारतातून मागे घेतलं. जानेवारीच्या सुरुवातीला जमाव आला. राज्य सरकारची बंदी त्याच महिन्यात, पण जमावानंतर. म्हणजे पुस्तक दुकानात नव्हतं, तरी संस्था फोडली गेली. आणि संस्था फोडली गेल्यावर सरकारनं पुस्तकावर कारवाई केली. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. प्रकाशक, जमाव, सरकार : बीटीनं सांगितला तोच क्रम. महाराजांविषयी अनुदार लिहिलं तर संताप येणं मी समजू शकतो. पण त्या दिवशी ज्या पोथ्यांची पानं पायदळी गेली, त्यांचा त्या लेखनाशी काडीचाही संबंध नव्हता. ते नुकसान आपलंच होतं.

इंग्रजांच्या काळात क्रम वेगळा असेल, तिथे तरी सरकार पहिलं येत असेल, असं वाटतं. पण १९१० चा प्रेस कायदा नीट वाचला तर वेगळंच दिसतं. नवा छापखाना काढणाऱ्याला ५०० ते २००० रुपयांपर्यंत तारण ठेवावं लागे. आक्षेपार्ह काही छापलं तर ते तारण जप्त. त्या काळात एवढी रक्कम म्हणजे छोट्या छापखानदाराचं कंबरडंच. सरकारला प्रत्येक ओळ वाचायला माणसं नेमावी लागली नाहीत; छापखानदारच भीतीनं सरकारच्या वतीनं वाचू लागला. ‘हे नको, बुवा, दुसरीकडे बघा’ असं म्हणून परत केलेल्या हस्तलिखितांची नोंद कुठल्याच दफ्तरात सापडणार नाही. बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी मिळते, न छापल्या गेलेल्यांची मिळत नाही.

हा कायदा येण्यापूर्वीच विनायक दामोदर सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथाला या भीतीचा अनुभव आला होता. लंडनमध्ये मराठीत लिहिलेलं हे हस्तलिखित गुपचूप इकडे आणलं, पण पोलिसांचे छापे पडू लागल्यावर ते छापणं अशक्य झालं आणि ते परत युरोपात न्यावं लागलं. जर्मनीत छापून पाहिलं, तर तिथल्या जुळाऱ्यांना देवनागरीचे खिळे जुळवता येईनात. शेवटी लंडनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांनी इंग्रजी भाषांतर केलं आणि ते १९०९ मध्ये हॉलंडमध्ये छापलं गेलं. सरकारनं बंदी घातली तेव्हा पुस्तक प्रसिद्धही झालं नव्हतं. मग दुसऱ्याच निरुपद्रवी पुस्तकांची वेष्टनं चढवून प्रती हिंदुस्थानात आल्या. मूळ मराठी हस्तलिखित डॉ. कुटिन्हो या गोमंतकीय सहकाऱ्यानं परदेशात सांभाळलं आणि ते स्वातंत्र्यानंतर परत आलं. १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. याच काळात, १९२७ मध्ये, ‘माझी जन्मठेप’ प्रसिद्ध झालं आणि पुढे तेही जप्त झालं. त्यांच्या राजकारणाविषयी कुणाचं काहीही मत असो, पुस्तकबंदीच्या अभ्यासकाला त्यांच्या हस्तलिखितांचा हा प्रवास टाळून चालणार नाही.

राजद्रोहापेक्षा अवघड प्रकरण असतं ते समाजाच्या संकोचाचं. दापोली तालुक्यातल्या मुरूडला जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीच्या शरीरसुखाचा हक्क, हे विषय ते शांत, शास्त्रीय भाषेत मांडत आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, यावेळी वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक हे प्रश्न विचारतात, तर त्यांना माहिती देणं हे काम आहे, अश्लीलता नव्हे, अशी त्यांची बाजू होती. ते खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तरी मासिक थांबलं नाही. थांबलं ते कर्व्यांच्या मृत्यूनं, १९५३ च्या त्याच ऑक्टोबरात. नोव्हेंबरचा अंक शेवटचा. या मासिकाला सरकारनं आपणहून हात घातला नव्हता, तक्रारदार सुशिक्षित सनातनी होते. क्लॅरिसचा एक साधा प्रश्न ज्यांना सहन होत नाही, ती माणसं कशी असतात हे समजायला हे खटले वाचावेत.

बाबासाहेबांचं नाव आलं की वर्गात एक आक्षेप हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांच्याच नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. मग तेही माँटॅगच्या खात्यासारखंच झालं का? माझं उत्तर स्पष्ट आहे : नाही. माँटॅगचं खातं पुस्तक जगातून नाहीसं करायला निघालेलं असतं आणि त्याच्या हातात सत्ता असते. महाडला जमलेल्या लोकांच्या हातात काहीच नव्हतं. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थानं दिली. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्यानं मांडला. ज्या ग्रंथाच्या आधारे काही माणसांना ज्ञानापासून दूर ठेवलं गेलं, त्याचा तो जाहीर धिक्कार होता. मनुस्मृतीची छपाई थांबवा, ग्रंथालयांतून ती काढा, अशी मागणी तिथे नव्हती. बाबासाहेबांनी स्वतः ती बारकाईनं वाचली आणि पुढच्या लेखनात तिचे दाखले देत राहिले. आग तीच असते. ती कोण, कुणाविरुद्ध, काय मिळवायला लावतो हे पाहिल्याशिवाय दोन आगी एकाच रकान्यात टाकू नयेत.

याच बाबासाहेबांच्या अप्रकाशित लेखनाचा खंड १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनानं काढला, तेव्हा राम आणि कृष्ण यांच्यावरील भागावरून वादळ उठलं. तो भाग वगळा म्हणून एका बाजूनं दबाव, वगळू नका म्हणून दुसऱ्या बाजूनं मोर्चे. अखेर मजकूर राहिला आणि शासन त्याच्याशी सहमत नाही अशी टीप जोडली गेली. मला हा तोडगा आवडतो. मजकूर कापण्यापेक्षा त्याच्या शेजारी आपलं म्हणणं लिहिलं, तर दोन्ही वाचकापर्यंत पोचतं.

कादंबरीच्या शेवटच्या भागाकडे वळू. माँटॅग शहरातून पळतो आणि नदीपलीकडे रेल्वेच्या जुन्या रुळांजवळ त्याला काही माणसं भेटतात. प्रत्येकानं एकेक पुस्तक पाठ केलंय. माणूसच पुस्तक झालाय. परदेशी वाचकाला ही कल्पना अद्भुत वाटत असेल. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी लोकांच्या मुखी उरली, ही कथा लहानपणी ऐकलेल्या आपल्याला ती ओळखीची वाटते. आणि रत्नागिरीला तर दोन पावलं पुढे जाता येतं.

ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये मंडालेत पकडलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तो १९१६ मध्ये इथेच वारला. मंडाले पडलं तेव्हाच्या गोंधळात राजवाड्यातल्या दफ्तराचा मोठा भाग नष्ट झाला. काही पोथ्या लंडनला गेल्या. पण थिबाचा बाप मिंडॉन यानं त्रिपिटक संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं होतं, ७२९ शिळा, दोन्ही बाजूंना अक्षरं, प्रत्येक शिळेवर एक छोटी घुमटी. हे काम १८६८ मध्ये पुरं झालं. सैनिकांनी तिथली मौल्यवान सजावट ओरबाडली, शिळा मात्र जागच्या जागी राहिल्या. आजही त्या वाचता येतात.

थिबा रत्नागिरीत असतानाच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे ‘गीतारहस्य’ लिहिलं. लिहिण्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. शाई नाही, फक्त पेन्सिल. सुटे कागद नाहीत. बांधलेल्या वह्या, पानं मोजून दिलेली. एक पान फाडून बाहेर पाठवलं तर हिशेबात कमी भरणार. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली, पण वह्या सरकारनं ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील का याची मित्रांना काळजी लागली. टिळकांचं म्हणणं असं की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून तो पुन्हा लिहून काढीन. पुढे वह्या मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ निघाला. सावरकरांना अंदमानात तेवढाही कागद नव्हता. भिंतीवर टोकदार वस्तूनं ओळी कोरायच्या, पाठ करायच्या, भिंतीला चुना लागला की पुन्हा कोरायच्या. ‘कमला’ हे काव्य असं स्मरणात रचलं गेलं. ब्रॅडबरीची कल्पना कागदावर उतरण्याच्या कितीतरी आधी ती इथल्या माणसांनी जगून पाहिली होती.

कादंबरीतला म्हातारा प्राध्यापक फेबर म्हणतो की पुस्तकांचा उपयोग व्हायला तीन गोष्टी लागतात : मजकुरात कस हवा, तो पचवायला फुरसत हवी, आणि त्यातून जे कळलं त्याप्रमाणे वागायची मुभा हवी. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी चळवळी झाल्या, खटले झाले. फुरसतीसाठी कुणी मोर्चा काढत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. इतकं जुनं वाचनालय असलेल्या गावातही ‘वेळच मिळत नाही हो’ हेच ऐकू येतं, आणि मिल्ड्रेडच्या कानातला रेडिओ आता बहुतेकांच्या कानात आहे. विद्यार्थ्यांनी एक आठवडा आपल्या जागेपणीच्या तासांचा हिशेब लिहावा आणि मग फेबरचं प्रकरण वाचावं. टिपणं काढण्यापेक्षा हे जास्त उपयोगी ठरेल.

ब्रॅडबरीवर एक आक्षेपही नोंदवायला हवा. नदीपलीकडे पुस्तकं पाठ केलेल्या त्या टोळीत सगळे पुरुष आहेत. वाचणाऱ्या दोन बायका कादंबरीत येतात, क्लॅरिस आणि ती म्हातारी, आणि दोघींना लेखक पहिल्याच भागात पडद्याआड करतो. महाराष्ट्रात तर स्मरणातलं सर्वांत मोठं ग्रंथालय बायकांनी सांभाळलं : जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या साथीनं त्या गोळा केल्या, आणि संख्या एक लाखाच्या वर गेली. या ओव्यांवर कधी कुणी बंदी घातली नाही, कुणी छापा टाकला नाही. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचं दळण संपलं आणि ओवी म्हणायचा प्रसंगच उरला नाही. गिरणीनं बायकांचे कष्ट कमी केले, हे उत्तमच झालं. ओव्या उतरवून घ्यायला मात्र तेव्हा फार थोडी माणसं गेली. ज्या घरांत साठी-सत्तरी ओलांडलेली आजी आहे, तिथे हे काम अजून होऊ शकतं. मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो.